पहिला अल्बम, बारा आठवडे आणि २७ फेब्रुवारी

नाशिकच्या एका पाचजणांच्या पॉप बँडने मला सविस्तर प्रश्न विचारला आहे. त्यांची नऊ मराठी गाणी बांधून झाली आहेत, तीन लाख रुपये जमले आहेत, आणि पहिला स्टुडिओ अल्बम आजपासून बारा आठवड्यांनी येणाऱ्या २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, महाकवी कालिदास कलामंदिरात प्रकाशित करण्याचा त्यांचा विचार आहे. मुद्रण नाशिकमध्ये करावे की मुंबईत, किती दिवस धरावेत आणि गाणी एकदम आणावीत की एकेक करून, हे त्यांना समजून घ्यायचे आहे. एका गाण्याचे शब्द कुसुमाग्रजांच्या कवितेचे आहेत आणि एका गाण्यात नाशिक ढोल वाजणार आहे, असेही त्यांनी कळवले आहे. गेली चोवीस वर्षे मी याच शहरात ध्वनिमुद्रणाचे काम करतो, तेव्हा जे सांगतो आहे ते या कामात स्वतः केलेल्या चुका धरून सांगतो आहे.

पहिले सांगणे असे, की कलामंदिराची तारीख अजून घेऊ नका. हॉलची तारीख आधी आणि गाण्यांचे मास्टर, म्हणजे प्रकाशनाला तयार अंतिम मुद्रण, नंतर, असा क्रम लावला की शेवटचे तीन आठवडे सगळे निर्णय हॉलचे भाडे घेते, कान घेत नाहीत. उलट्या दिशेने मोजून पाहा. गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणाऱ्या डिजिटल वितरकाकडे गाणी, मुखपृष्ठ आणि सर्व माहिती प्रकाशनाच्या चार आठवडे आधी पोहोचलेली असावी. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणे आधी सुचवण्याची सोय आहे, पण ते किमान सात दिवस आधी सुचवावे लागते आणि एका वेळी एकच सुचवता येते. शिवाय वितरकाकडून काहीतरी दुरुस्तीसाठी परत येतेच. बारातून चार गेले, आठ उरले. मास्टरिंगला, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यांवरचा शेवटचा हात फिरवायला, एक आठवडा द्या. नऊ गाण्यांचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज एकमेकांत बसवणे, गाण्यामागे दोन दिवस धरले तरी अठरा दिवस होतात, आणि पाचजणांच्या पाच सूचना निस्तरायला आणखी आठवडा. म्हणजे मुद्रणासाठी तुमच्या हाती साधारण साडेतीन आठवडे राहतात, तेही नोकरी आणि कॉलेज सांभाळून मिळणाऱ्या संध्याकाळी. एवढ्यात नऊ गाणी उरकतील, पण ती उरकल्यासारखीच ऐकू येतील. त्यापेक्षा २७ फेब्रुवारीला एकच गाणे आणा आणि अल्बम पावसाळ्यात येऊ द्या.

मधल्या काळात पैसे न खर्चता करण्यासारखे पुष्कळ काम आहे, आणि अल्बम खरा घडतो तो त्याच कामात. बीटल्सचे उदाहरण नेहमी चुकीच्या अर्थाने दिले जाते. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या चौदा गाण्यांपैकी दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात लंडनच्या स्टुडिओत मुद्रित झाली आणि २२ मार्चला अल्बम बाजारात आला. हे ऐकून प्रत्येक नवा बँड मला म्हणतो, की मग आम्हालाही दोन दिवस पुरेत. पण लिव्हरपूल आणि हँबुर्गच्या क्लबांत रात्रीमागून रात्री वाजवून ते त्या स्टुडिओत शिरले होते; गाण्यात कोणी कुठे थांबायचे याची चर्चा त्या दिवशी करावी लागली नाही. आणि गायकाचा घसा ज्या गाण्याने बसेल असे वाटत होते, ते त्यांनी अगदी शेवटी ठेवले. आपल्याकडच्या बँडांनी घ्यायचे ते हे.

तालमीचे मुद्रण रोज करा. खोलीच्या मधोमध मोबाइल ठेवला तरी पुरे. दुसऱ्या दिवशी ते ऐकताना हातात मेट्रोनोम धरा. मुखड्याला मिनिटाला ९२ ठोक्यांच्या लयीत निघालेले गाणे तिसऱ्या कडव्यात ९८ला गेले आहे, असे दहातल्या आठ बँडांच्या बाबतीत आढळते. लय चढणे हा नेहमीच दोष नसतो, पण ती चढते हे ठाऊक असले पाहिजे आणि ती चढवायची की नाही हे तुम्ही ठरवले पाहिजे. दुसरी गोष्ट पट्टीची. पुष्कळ गाण्यांची पट्टी गिटारवाल्याच्या बोटांना सोपी म्हणून ठरलेली असते आणि गायिका बिचारी वर्षभर खालच्या सुरांत पुटपुटत राहते. गिटारच्या दांडीवर कॅपोचा चिमटा लावा, अर्धा सूर वर जाऊन पाहा, पुन्हा अर्धा जा. कुठल्या पट्टीत तिचा आवाज उघडतो हे तालमीच्या खोलीत शोधायला पैसे पडत नाहीत. स्टुडिओत प्रत्येक तासाला पडतात.

तुमच्या चार गाण्यांत पेटी आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. पेटीचे सूर एकदा बसवले की आयत्या वेळी सरकवता येत नाहीत, की-बोर्डचे सरकवता येतात. ट्यूनर लावून पेटीची पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्य ए सूर, तपासा. की-बोर्डवर तो सूर ४४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा असतो. पेटी ४४३ला वाजत असेल, तर दोन्ही वाद्ये एकत्र धरल्यावर सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात. तालमीत त्या लाटांना कोणी दाद देत नाही, कारण ड्रम वाजत असतो. स्टुडिओत गायिकेच्या हेडफोनमध्ये मात्र त्या स्वच्छ ऐकू येतात, ती बावरते, आणि सूर नेमका कोणाचा चुकतो आहे यावरून अर्धा दिवस वाद होतो. अशा वेळी पेटीला हात लावू नये. की-बोर्ड आणि गिटारी ४४३वर आणाव्यात आणि संगणकातल्या सूर तपासणाऱ्या प्लगइनलाही तोच आकडा द्यावा.

आता नाशिक की मुंबई. माझा स्टुडिओ इथे असल्यामुळे माझ्या मताला थोडी सूट देऊनच वाचा. मोठ्या खोलीत अख्खा ड्रमसेट, चांगल्या प्रतीचे अनेक माइक आणि ते मांडणारा अनुभवी हात हवा असेल, तर मुंबईला दोन दिवस जाऊन नऊही गाण्यांचे ड्रम आणि बास एकदम उरकून यावेत. गायन मात्र मुंबईत करू नये. पहाटे निघून, कसारा घाट उतरून, गाडीतल्या एसीत चार तास बसलेला घसा दुपारी माइकपुढे उभा करणे हा त्या घशावर अन्याय आहे. गायक ज्या गावात स्वतःच्या अंथरुणात झोपतो, त्या गावात त्याचे गाणे घ्यावे. हिवाळ्यात तर नाशिकची सकाळही टाळावी. जानेवारीत अकराच्या आत मी कोणालाही गायला उभे करत नाही.

घरच्या खोलीत मिक्सिंग करण्याचा मोह होत असल्यास एक गणित सांगतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल, तर त्या खोलीत साधारण ५६ हर्ट्झचा आवाज घुमतो. बास गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झला वाजते. म्हणजे त्या खोलीत बासवाल्याने ती तार छेडली की एकाच सुराला जागेनुसार कुठे फुगवटा येतो, कुठे तो सूर नाहीसा होतो. फुगवट्याच्या जागी बसलेला माणूस मिक्स करताना तो सूर दाबतो, आणि तेच गाणे मित्राच्या गाडीत लावले की नेमका तोच सूर गळालेला असतो. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातल्या मुलांनी असे तीन महिने घालवले आणि दोष स्पीकरचा समजून स्पीकर बदलले. खोलीत बसण्याची जागा दोन फूट पुढे घेतल्यावर अर्धा प्रश्न सुटला.

नाशिक ढोलाचे गाणे सर्वांत आधी हाती घ्या, कारण त्यावर सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे. ढोल हे मिरवणुकीचे वाद्य आहे. त्याला माझ्या स्टुडिओच्या बाराफुटी खोलीत कोंडले तर तो ढोल राहत नाही, नुसती धडधड होते. सातपूर किंवा अंबड भागातल्या एखाद्या ओळखीच्या कारखान्याची उंच शेड साप्ताहिक सुटीच्या दिवशी मिळवा. तीन ढोल आणि एक ताशा पुरे. प्रत्येक ढोलाच्या थापेच्या पानापासून हातभर अंतरावर एक मोठा आवाज सोसणारा डायनॅमिक माइक, टिपरूच्या, म्हणजे काठीच्या, बाजूला दुसरा, आणि सगळ्यांसमोर बारा फुटांवर, माणसाच्या डोक्याहून उंच, बारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सर माइकची जोडी. गाण्यात ऐकू येईल तो ढोल मुख्यतः या लांबच्या जोडीतला. जवळचे माइक फक्त कणा द्यायला. पातळी इतकी खाली ठेवा की सर्वांत मोठा ठोकासुद्धा उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही, कारण तालीम करताना वादक जेवढे जोरात वाजवतात त्याच्या दीडपट जोर खऱ्या टेकला, म्हणजे प्रत्यक्ष मुद्रणाच्या फेरीला, येतो. ताशा ढोलांच्या मागे, दहाबारा फूट दूर. त्याचा कडकडाट जवळच्या सगळ्या माइकांत शिरतो आणि मग मिक्समध्ये तो खाली घेता येत नाही.

क्लिकचा, म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये दिलेल्या मेट्रोनोमच्या टिकटिकीचा, प्रश्न इथे वेगळाच असतो. तीन ढोलांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला हेडफोनमधली टिकटिक ऐकू येणे शक्य नाही. पथकातली रीतच इथे उपयोगी पडते. पथक ताशाकडे पाहून वाजवते. म्हणून क्लिक फक्त ताशेवाल्याला, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमधून द्यावी आणि ढोलवाल्यांनी नेहमीप्रमाणे त्याच्या मागे जावे. चामड्याचे पान असेल तर दर दोन टेकनंतर ताण तपासा. दमट हवेत ते उतरते आणि पाचव्या टेकचा ठोका पहिल्या टेकशी जुळत नाही. एक जुनी सवय म्हणून सांगतो: शेडमध्ये वादक पोहोचण्यापूर्वी दोन मिनिटे नुसती शांतता मुद्रित करून ऐका. सिंहस्थ जवळ आला की या शहरात कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो, आणि दूरचा कॉम्प्रेसर कानाला कळत नाही, माइकला कळतो. शिवाय बास गिटारने या गाण्यात ढोलाच्या ठोक्यावर गप्प बसायला शिकले पाहिजे. दोघांची खर्जातली जागा एकच आहे आणि त्या जागेवर ढोल जिंकतो.

गायनाविषयी एकच तांत्रिक सूचना. मराठीत फ, भ, ख, घ असे महाप्राण भरपूर आहेत आणि भावगीताच्या वळणाने गाणाऱ्या मुली ते जोर देऊन उच्चारतात. माइक ओठांच्या थेट समोर न ठेवता नाकाच्या उंचीवर, थोडा तिरपा आणि वीतभर दूर ठेवला, पुढे पॉप फिल्टर लावला, तर हवेचे फटके वाचतात आणि उच्चार सौम्य करायला सांगावे लागत नाही. प्रत्येक गाण्याचे चार-पाच पूर्ण टेक घ्या. ओळीओळीने तुकडे जोडून केलेले गाणे सुरात असते, पण त्यात श्वास नसतो.

मिक्सिंग आणि मास्टरिंग एकाच माणसाने करू नये, माझ्याकडूनही दोन्ही करून घेऊ नका. आवाज वाढवण्याची स्पर्धा आता निरर्थक झाली आहे. स्पॉटिफाय गाणी वाजवताना साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) पातळीला आणते, म्हणजे त्याहून फार मोठे केलेले गाणे तिथे खाली ओढले जाते आणि हाती उरते ती फक्त चेपलेली लय. मास्टर घेताना सोबत गायनाविनाचे मायनस ट्रॅक आणि वाद्यगटांच्या वेगळ्या फाइलीही मागून घ्या, कारण पुढे स्टेजवर त्यांचीच गरज पडते. फाइली सांभाळणे हे तुमचे काम आहे, स्टुडिओचे नाही. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापाने एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात. चाळीस ट्रॅकच्या चार मिनिटांच्या एका टेकला १.४ जीबी. दोन डिस्क विकत घ्या आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा.

आता हक्कांविषयी, आणि हे कंटाळवाणे वाटले तरी पाचहीजणांनी वाचावे. एका गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, आणि ध्वनिमुद्रणाचा आणखी वेगळा असतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क असतात ते निराळेच. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७चा आहे, आणि हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी झाले पाहिजेत, असे तो सांगतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा एखाद्या कंपनीने करारात लिहून काढून घेतला, तरी ते चालत नाही. तो वाटा फक्त वारसांकडे किंवा प्रताधिकार संस्थेकडेच सोपवता येतो. म्हणून तुमच्यातल्या गीतकाराने आणि संगीतकाराने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या प्रताधिकार संस्थेचे सभासद व्हावे आणि गाणी तिथे स्वतःच्या नावे नोंदवावीत. वितरकाकडून येणारे पैसे ध्वनिमुद्रणाचे असतात. शब्द-चालीचे पैसे या दुसऱ्या वाटेने येतात आणि बहुतेक नवे बँड ती वाट उघडतच नाहीत.

काही वर्षांपूर्वी चौघांच्या एका बँडने माझ्याकडे सहा गाणी मुद्रित केली. वितरकाचे खाते ड्रमवाल्याच्या ईमेलवर होते, कागद कसलाच नव्हता. प्रकाशनानंतर दोन महिन्यांनी गीतकार बाहेर पडला, त्याने आक्षेप नोंदवला, आणि सहाही गाणी उतरवली गेली. ती आजतागायत परत चढलेली नाहीत. कागद केला का, असे मीही त्यांना विचारले नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते. एक पान पुरते: गाणे कोणते, शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुद्रणाचा खर्च कोणी किती दिला, येणाऱ्या पैशांची वाटणी कशी, आणि कोणी बाहेर पडल्यास गाणी राहतील की जातील. पाच सह्या, तारीख, मुद्रणाच्या आधी.

कुसुमाग्रजांची कविता हा यातला सर्वांत नाजूक भाग. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, १० मार्च १९९९ रोजी गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत त्यांच्या शब्दांना परवानगी लागणार. कविता शाळेच्या पुस्तकात होती, ती सगळ्यांच्या तोंडी आहे, आम्ही नाशिककर आहोत, यांपैकी कशानेही ती परवानगी मिळालेली ठरत नाही. पुस्तकाच्या प्रकाशकाकडे गाण्याचे हक्क असतातच असेही नाही. हक्क आज ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडूनच लेखी संमती घ्यावी लागते, आणि त्यात चाल, ध्वनिमुद्रण, डिजिटल वितरण व व्हिडिओ या चारही गोष्टींचा उल्लेख असावा. त्यांच्याच जन्मदिनी त्यांची कविता विनापरवाना प्रकाशित करणे तर शोभणारही नाही. उत्तर यायला वेळ लागेल, म्हणून २७ फेब्रुवारीसाठी हे गाणे धरू नका, स्वतःच्या शब्दांचे धरा. जुनी कविता हवीच असेल तर १९१८ साली गेलेले बालकवी किंवा १९०५ साली गेलेले केशवसुत यांचे शब्द मोकळे आहेत. संतांचे अभंगही मोकळे आहेत, पण त्यांना अलीकडच्या संगीतकारांनी दिलेल्या चाली मोकळ्या नाहीत, हे विसरू नका.

गाणी एकदम की एकेक? आधी तीन गाणी सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने आणा, मग अल्बम. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. एकेकटे आलेले गाणे अल्बममध्ये घालताना तोच क्रमांक आणि तेच मास्टर वापरले, तरच आधीची ऐकण्याची संख्या सोबत येते. मधल्या काळात मिक्स बदलाल तर ते नवे मुद्रण ठरते आणि क्रमांक नवा घ्यावा लागतो. बँडच्या नावाचे रोमन स्पेलिंग आजच ठरवा. एका गाण्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे झाले तर एकाच बँडची दोन पाने तयार होतात. आणखी एक: तुमच्या दोन गाण्यांत इंटरनेटवरचे तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे वाद्यांचे तुकडे, आहेत, असे पाठवलेल्या नमुन्यांवरून वाटते. तेच लूप इतर शेकडो गाण्यांत असल्यामुळे गाणे कोणाच्या मालकीचे हे ओळखणाऱ्या यूट्यूबच्या कंटेंट आयडीत ती गाणी नोंदवता येणार नाहीत. ते हाताने वाजवून बदला, तुमचा ड्रमवाला त्या लूपपेक्षा बरा वाजवतो.

कमाईबद्दल भ्रम नको. २०२४पासून स्पॉटिफायवर गेल्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेले गाणे पैशांच्या वाटपात धरलेच जात नाही. मात्र म्हणून अल्बमचा विचार सोडू नका. गाण्यांच्या क्रमातून जे सांगता येते ते सुट्या गाण्यांतून सांगता येत नाही. कॅसेटच्या काळात 'गारवा' हा अल्बम घरोघरी पोहोचला तो गाण्यांइतकाच मधल्या कवितावाचनामुळे, आणि तो ऐकणाऱ्याला पुढचे गाणे कोणते हे पाठ असे. तुमचे ढोलाचे गाणे पहिले ठेवू नका. चौथे किंवा पाचवे ठेवा, आणि त्याच्या आधी सर्वांत शांत गाणे.

तीन लाखांपैकी एक लाख व्हिडिओसाठी राखल्याचे तुम्ही लिहिले आहे. तो निम्मा करा आणि उरलेले मिक्सिंगकडे वळवा. सीडी काढू नका, ती वाजवायला पाहुण्यांकडे यंत्र उरलेले नाही. मुखपृष्ठ छापलेले, क्यूआर कोड असलेले कार्ड वाटा. कलामंदिराचा कार्यक्रम अल्बम प्रकाशित झाल्यावर महिन्याभराने ठेवलात, तर समोर बसलेल्यांतल्या निदान काहींना गाणी तोंडपाठ असतील.

येत्या रविवारी तालमीला बसाल तेव्हा ट्यूनर घेऊन बसा आणि पेटीची पांढरी सहा कितीला वाजते ते मला कळवा. नाशिकमधल्या मुद्रणाच्या तारखा त्यानंतर धरू.